नोटिशीची तिसरी प्रत

निंबळगावच्या सोसायटीचे सेक्रेटरी कोंडीराम यांनी आईला हौजाची कोठी दाखवायचं ठरवलं आणि त्यासाठी रीतसर नोटीस काढली. अवघ्या सहाजणांसाठी नोटीस कशाला, असं कुणीही विचारील. द्वारकाबाईंनीही विचारलं.

"अहो, चूल माझी, भाकरी माझ्या, आन् नोटीस सोसायटीची?"

"लिव्हलेलं बरं असतंय. उद्या कुणी म्हनाया नको, मला सांगितलंच न्हाई."

"कोन म्हननार? तुमचा चार वर्साचा ल्योक?"

कोंडीरामांनी डिंकाची बाटली उघडली. सतरा वर्षं सोसायटीत काढलेल्या माणसाचा हात कागदाला लागला की आपोआप तारीख घालतो, वार घालतो आणि खाली रेघ मारून सही करतो. चुलीमागच्या भिंतीला त्यांनी कागद चिकटवला. त्यावर लिहिलं होतं :

'सर्वांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी ठीक सहा वाजता हौजाची कोठी पाहण्यास निघावयाचे आहे. विषय : १. आरसेमहाल पाहणे. २. दुपारचे जेवण. ३. ऐनवेळी येणारे विषय. भाकरी ज्याची त्याने आणावी. कोरमअभावी कार्यक्रम तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणाहून निघण्यात येईल व त्यास कोरमची आवश्यकता राहणार नाही.'

हा सगळा खटाटोप सरुबाईंसाठी, म्हणजे कोंडीरामांच्या आईसाठी. सरुबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. दिवाळीनंतर जिल्ह्याच्या गावी डोळ्यांचं शिबिर भरणार होतं आणि कोंडीरामांनी आईचं नाव तिथं कधीच देऊन ठेवलं होतं. पण म्हातारी हटून बसली.

"आदी कोठी दाखव, मग डोळे काप."

"माय, डोळे बरं झाल्यावर कोठी बघावी, का डोळ्यावर पडदा असताना?"

"आन् कापताना डोळे गेले मंजे? मग काय दाखिवशील, चाचपून?"

यात तथ्य होतं. त्यामुळे कोंडीराम हरले.

कोठीचं, म्हणजे माळावरच्या त्या जुन्या वाड्याचं, वेड बाहात्तरच्या दुष्काळातलं. त्या साली कोठीवरून जाणाऱ्या सडकेचं काम निघालं आणि सरुबाई न् शेजारची बनाबाई तिथं खडी फोडायला होत्या. दिवसभर हातोडा, दुपारी ओंजळभर सुकडी. एका संध्याकाळी कोठीची एक खिडकी आतून कुणीतरी उघडली आणि खडी फोडणाऱ्या बायांवर उजेडाचे कवडसे पडले. एक नाही, दोन नाही, शेकड्यांनी. ओट्यात पडले, पाट्यांत पडले, फोडलेल्या खडीवर पडले आणि पाण्यासारखे हलायला लागले. त्या साली पाणी हलताना कुणी पाहिलं होतं? बायांनी हातोडे खाली ठेवून हात जोडले. मुकादम ओरडत आला, तोवर खिडकी मिटली. आत आरसेमहाल आहे, एवढंच मागाहून कळलं. फाटकाच्या आत मात्र खडीवाल्यांना कोण घेणार?

त्या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली होती. पण कीर्तनात बुवांनी वैकुंठाचं वर्णन मांडलं की सरुबाई शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणायच्या, "ह्ये म्या बगितलंय. भायेरून."

कीर्तनाला त्या एकही दिवस चुकवत नसत आणि बसायच्या मात्र अगदी मागं, चपलांपाशी. पुढं ये म्हटलं तर म्हणत, "मागून आलेल्याला जागा नगं का? देव काय पुढच्या दोन रांगांचाच हाय?" अलीकडं मोतीबिंदूमुळं त्यांना एकाचे सात दिसायला लागले होते. मागच्या एकादशीला त्यांनी भर कीर्तनात विचारलं होतं, "बुवा, आज समईला सात वाती लावल्या व्हय?" बुवांनी समईकडं पाहिलं. वात एकच होती. बुवा म्हणाले, "आजी, आम्हाला एकच दिसते. आमची तेवढी पुण्याई न्हाई." सरुबाईंना ते पटलं होतं.

तर नोटीस. कोंडीरामांनी ती गुरुवारी सोसायटीत बसून लिहिली. लिहिली ती नोटिशीच्या पॅडावर, आणि पॅडात दोन कार्बन कायमचे घातलेले. वरची प्रत फाडून ते घरी घेऊन गेले. खालच्या दोन तशाच राहिल्या. शुक्रवारी सकाळच्या एसटीनं ते कोठीचा पास काढायला धाराशिवला गेले. आणि शुक्रवारी सकाळीच सोसायटीचे शिपाई हणमंतप्पा कचेरी झाडायला आले.

हणमंतप्पा हा भला माणूस. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकच नियम पाळला होता : पहिली प्रत फायलीला, दुसरी चेअरमनला, तिसरी फळ्याला. कागदात काय लिहिलंय, हे पाहणं त्यांना चोंबडेपणा वाटे. पॅडात दोन प्रती राहिलेल्या दिसल्या. त्यांनी दुसरी प्रत चेअरमन आबारावांच्या हातात नेऊन दिली, तिसरी फळ्यावर चार टाचण्यांनी लावली आणि समाधानानं तंबाखू मळली.

शनिवारी दिवेलागणीला कोंडीराम पास घेऊन गावात उतरले. सरकारी शिक्क्याचा पास. 'कोंडीराम व कुटुंब, एकूण व्यक्ती सहा.' ते दोघं नवराबायको, दोन लेकरं, आई आणि आईच्या जोडीला बनाबाई. स्टँडवरून घरी येईस्तोवर चारपाचजणांनी त्यांना रामराम घातला.

"सेक्रेटरी, लई पुण्याचं काम काडलंव!"

कोंडीरामांना वाटलं, बियाण्याचं असावं. ते मान डोलावून पुढं गेले.

रविवारी साडेपाचला दार उघडलं, तर दारात अख्खं गाव. बाया ठेवणीतली लुगडी नेसलेल्या, गडी टोप्या झटकून घातलेले, प्रत्येकाच्या हातात भाकरीचं फडकं. सडकेला श्रीमंतचा उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. कारखान्याचा बॉयलर पेटायला अजून पंधरा दिवस होते, त्यामुळे ट्रॉल्या रिकाम्याच होत्या. सगळ्यांच्या पुढं जरीचा फेटा बांधून चेअरमन आबाराव.

"या सेक्रेटरी! कोरम झाला!"

कोंडीरामांच्या हातातला तांब्या जागीच राहिला. फळा, पॅड, कार्बन, हणमंतप्पा, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून सरसर गेलं.

"आता सांगा की त्येन्ला, घरच्यापुरतीच नोटीस व्हती म्हून," मागून द्वारकाबाई कुजबुजल्या.

कोंडीरामांनी तोंड उघडलं. तेवढ्यात सत्तरीचे गोरोबानाना काठी टेकत पुढं आले. "कोंडीराम, बाहात्तर साली म्या त्या फाटकाम्होरं धा महिने दगुड वाहिला. आत काय हाय म्हून इच्यारलं, तर मुकादम म्हनला, तुज्या बापाचं काय हाय? आज तू नेतुयास. देव तुजं भलं करो."

कोंडीरामांनी तोंड मिटलं. पण खोटं त्यांना पचत नसे. ते आबारावांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "चेअरमन, पास सहाजनांचाच हाय."

"मानसं किती?"

हणमंतप्पांनी आधीच मोजली होती. "पंच्याऐंशी, सायब. तुमी धरून."

आबारावांनी खिशातून दुसरी प्रत काढली, चष्मा लावला आणि बोट ठेवलं. "ह्ये बगा. विषय नंबर तीन. ऐनवेळी येनारे विषय. तितं गेल्यावर घेऊ!"

आणि दोन्ही ट्रॉल्या भरल्या. सरुबाईंना कुणी पुढं बसा म्हणालं, तर त्या मागच्या ट्रॉलीच्या शेपटाला जाऊन बसल्या. बनाबाई शेजारी. कुणीतरी टाळ आणले होते. वाटेत दोन्ही बाजूंनी करपलेली ज्वारी, कोरड्या विहिरी, आणि मधून भजन गात जाणारा ट्रॅक्टर. सगळीकडून लोक धावत सडकेला येत. "कुटं निगाली दिंडी?"

"कोठीला!" ट्रॉल्या ओरडत.

कोठी दिसली आणि भजन आपोआप थांबलं. उघड्या माळावर एकटीच उभी होती ती. दगडी जोतं पुरुषभर उंच, वर कमानींची रांग, त्यावर सज्जा, सज्ज्यावर चारी कोपऱ्यांना चार घुमट्या. मावळतीच्या अंगाला अंगण आणि अंगणात अष्टकोनी हौज, गावाच्या चावडीएवढा. हौजात थेंब नव्हता. तरी त्याच्या काठावर कोरलेली दगडी कमळं अशी ताजी, की एका लेकरानं हात लावून आईला विचारलं, "ह्ये कदी फुलत्यात?" ज्यांच्या घराचं दार वाकून ओलांडायचं, ती माणसं त्या कमानीखाली उभी राहिली आणि वर बघता बघता कित्येकांच्या टोप्या मागं पडल्या. गोरोबानानांनी पायरीला हात लावून कपाळाला लावला.

"नाना, देऊळ न्हाई त्ये," श्रीमंत म्हणाला.

"मला म्हाईत हाय. पन ज्येनं घडवलं त्येच्या हातात देव व्हता का न्हाई?"

श्रीमंतनंही मग हळूच हात लावला.

कोठीचे राखणदार महेबूबसाब जवळच्या बाजाराला गेले होते. ते येईस्तोवर विषय नंबर दोन, म्हणजे जेवण, आधी उरकलं. एकच्या सुमाराला महेबूबसाब सायकलवरून आले, फाटकातच उतरले आणि सायकल तशीच धरून उभे राहिले.

"या अल्ला! बाजार तो मैं उधर छोडके आया. ये इधर कैसा भरा?"

कोंडीरामांनी पास पुढं केला. महेबूबसाबांनी तो उलटा केला, सुलटा केला.

"सेक्रेटरीसाब, इसपे तो छे लिखेले हैं."

"व्हय."

"ये छे हैं?"

"ह्ये… कुटुंब हाय," आबाराव पुढं होऊन म्हणाले. "सहकारी कुटुंब."

महेबूबसाबांची पांढरी दाढी हलली. ते हसले की रागावले, हे कुणाला कळलं नाही. "देखो चेअरमनसाब. मेरी नौकरी का सवाल है. पास पे छे हैं, तो अंदर छेच रहेंगे. छे जाएंगे, छे बाहर आएंगे, फिर दुसरे छे. सूरज डूबा, के कुलूप. और जिसके नाम का पास है, उनो दरवाजे पे बैठके हर बारी को रजिस्टर में दस्तखत करेंगे. मंजूर?"

"सर्वानुमते मंजूर!" आबारावांनी हात वर केला. पंच्याऐंशी हात वर झाले.

अशा रीतीनं कोंडीराम आरसेमहालाच्या दाराबाहेर, पाठ दाराकडं आणि तोंड रजिस्टराकडं करून बसले. चपला राखायला हणमंतप्पा बसले. पहिल्या तुकडीत अर्थातच चेअरमन. कोंडीरामांनी आईला हाक मारली. "माय, चल. पयल्या सहात तू."

"आबारावाच्या संगं त्येची म्हातारी चुलती हाय. तिला जाऊं दे. म्या मागून जाते."

दुसरी तुकडी. "माय!"

"ही बग, पोटुशी हाय. कवर हुबी ऱ्हाईल?"

तिसऱ्या तुकडीला सरुबाईंनी तीन खडीवाल्या मैत्रिणी पाठवल्या, चौथीला नातवंडं, पाचवीला कुणाची तरी सासुरवाशीण, "तिची सासू तिला परत कुटं पाटवील का?" म्हणून. बाहेर येणारा जो तो डोळे चोळत येई. आत अंधुक होतं म्हणे, खिडक्या सगळ्या बंद. पण नजर सरावली की भिंतभर आरसे, तळहाताएवढे, बोटाएवढे, आणि छताला वडाच्या पारंब्यांसारखं लोंबणारं काचेचं झुंबर.

"म्या सतरा जागी दिसलो," एकजण म्हणाला.

"घरात एका जागी दिसत न्हाईस कामाला," त्याची बायको म्हणाली, पण नेहमीच्या जोरात नाही. तीही आतूनच आली होती.

मुश्कील ही, की आत गेलेलं कुणी लवकर बाहेर यायला तयार नव्हतं. वीस वीस मिनिटं लागत. कोंडीराम एकदा सूर्याकडं बघत, एकदा आईकडं. तीन वाजले. चार वाजले. एवढी नोटीस, एवढा पास, एवढी दोन दिवसांची खेप, आणि जिच्यासाठी केलं ती चपलांपाशी हणमंतप्पांच्या शेजारी बसून त्यांना सुपारी कातरून देतेय!

"माय, दिवस बुडाला तर? तू काय डोळे मिटून घरी जानार हाईस?"

"कोंड्या, तू म्हागं वळून तरी बगितलंस का, काय हाय त्ये?"

"सही करतुय न्हवं म्या!"

"मग? तुला जसं सुटाया येत न्हाई, तसं मला बी न्हाई. ह्येच माज्या संगं उपाशी व्हते न्हवं बाहात्तरला?"

पाच वाजून गेले. तेरावी तुकडी बाहेर आली तेव्हा सूर्य माळाच्या कडेला टेकायला आला होता. महेबूबसाब म्हणाले, "बस. आखरी बारी. छे."

कोंडीरामांनी मोजलं. सरुबाई. सगळा वेळ सासूजवळ थांबलेल्या द्वारकाबाई. "सरूशिवाय म्या जायची न्हाई" म्हणून बसलेली बनाबाई. ट्रॅक्टर राखत बसलेला श्रीमंत. लिंबाखाली झोप लागल्यामुळे राहून गेलेले गोरोबानाना. पाच झाले. सहावे ते स्वतः. कोंडीरामांनी लेखणीला टोपण लावलं, रजिस्टर मिटलं आणि दिवसभरात पहिल्यांदा दाराकडं तोंड केलं.

तेवढ्यात मागून खोकला आला. चपलांच्या राशीमागं हणमंतप्पा बसले होते. त्यांनी एका चपलेचा अंगठा उगीच सरळ केला आणि जोडी नीट लावली.

कोंडीरामांनी त्यांच्याकडं पाहिलं. हाच तो माणूस. हाच तो फळा, याच त्या चार टाचण्या. सगळ्या दिवसाचा चोळामोळा या माणसानं केला होता आणि त्याला अजून त्याचा पत्ता नव्हता. कोंडीरामांनी आईकडं पाहिलं. सरुबाई सुपारी कातरत होत्या. बोलल्या असत्या तर कोंडीरामांना भांडता तरी आलं असतं.

"हणमंतप्पा," ते कष्टानं म्हणाले, "जावा तुमी."

"न्हाई सायब! पास तुमच्या नावावर! म्या ह्यो हितंच बरा."

"जावा म्हनतो न्हवं! चपला बगतो म्या."

हणमंतप्पांनी धोतराला हात पुसले, दोनदा पुसले आणि आत गेले. कोंडीरामांनी रजिस्टर पुन्हा उघडून चौदावी सही केली आणि चपलांपाशी बसले.

आता या कोठीची एक रीत होती, जी पासावर लिहिलेली नव्हती. दिवसभर उन्हानं आरशांचा पारा खराब होऊ नये म्हणून महेबूबसाब खिडक्या मिटून ठेवत आणि फक्त मावळतीला, आत हवा खेळावी म्हणून, पश्चिमेची मोठी खिडकी तेवढी पाव घटका उघडत. कोठीचे जुने मालकही म्हणे फक्त तेवढ्यापुरतेच त्या दालनात येऊन बसत. कोंडीरामांना आतून खिट्टी सरकल्याचा आवाज आला. मग महेबूबसाबांचा आवाज, "अम्मा, इधर खडे रहो. अब देखो."

आणि अंगणात पंच्याऐंशीतली अठ्ठ्याहत्तर माणसं उभी होती, त्यांच्या अंगावर उजेड सांडला. कवडसे. फेट्यांवर, लुगड्यांवर, लेकरांच्या गालांवर, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर. वाऱ्यानं आतलं झुंबर हललं असावं, कारण कवडसे हलले. सरकत सरकत ते हौजात उतरले आणि त्या कोरड्या हौजात, दगडी कमळांच्या मध्ये, पाणी हललं. तसंच दिसलं, अगदी तसंच. आबारावांनी फेटा काढून छातीशी धरला. टाळ कुणाच्या तरी हातात होते, ते न वाजताच राहिले.

आरसेमहालातून मात्र एक आवाज आला. सरुबाईंचा. "अगं माय माय माय!" एवढाच.

त्या बाहेर आल्या तेव्हा द्वारकाबाईंनी त्यांना धरलं होतं. कोंडीराम चपला टाकून पुढं धावले. "बगितलंस? दिसलं का माय?"

"तुमाला किती दिवे दिसले गं?" सरुबाईंनी सुनेला विचारलं.

"आत्याबाई, सूर्य आत घुसला जनू. शेकड्यांनी दिसले."

"शेकड्यांनी?" सरुबाईंनी कीवेनं सुनेकडं पाहिलं. "अगं, एकेकाचे सात सात! खाली, वर, माज्या हातावर, पदरावर! मला पाय ठिवाया जागा दिसंना. बुवा सांगत्यात त्ये कमीच सांगत्यात."

हिशेब सरळ होता. जो मोतीबिंदू घेऊन त्या आल्या होत्या, त्यानं प्रत्येक दिव्याचे सात करून दिले होते. सगळ्या गावात सगळ्यात जास्त कोठी पाहिली ती सगळ्यात कमी दिसणाऱ्या बाईनं. आणि मुळीच पाहिली नाही ती एकट्या कोंडीरामांनी.

दिवाळीनंतर डोळ्यांचं काम झालं. सरुबाईंना भिंगाएवढ्या जाड काचांचा चष्मा आला. त्यांनी पहिल्यांदा सुनेचं तोंड नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "वाळलीस की गं." मग देवापुढच्या समईकडं पाहिलं. एकच वात. त्या दिवशी त्या कीर्तनाला गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही.

"कोंड्या," तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "त्ये समदं खोटं व्हतं का रं?"

कोंडीरामांनी ठरवलं, या वेळी फक्त आपण दोघं. नोटीस नाही, पॅड नाही, कुणाला एक शब्द नाही. एसटीनं जायचं, मावळतीला पोचायचं, दोघांचा पास. फक्त सोसायटीत रजेचा अर्ज दिला. कारण काय लिहावं, इथं ते अडले. 'तब्येत' लिहिलं तर खोटं होणार आणि दुसऱ्या दिवशी एकादशी. म्हणून खरं तेच लिहिलं.

महेबूबसाबांनी ओळखलं. "आव अम्मा, आव. सेक्रेटरीसाब, इस बखत अंदर जाना, हां!"

पश्चिमेची खिडकी उघडली. कोंडीराम आयुष्यात पहिल्यांदा आरसेमहालाच्या मधोमध उभे राहिले. सुंदर होतं. पण आरशांचा पारा जागोजागी उडाला होता, झुंबराच्या निम्म्या काचा गळाल्या होत्या. गेले दोन महिने आईच्या तोंडून ऐकून ऐकून त्यांनी मनात जी कोठी बांधली होती, ती याहून पुष्कळ मोठी होती. त्यांनी भीत भीत आईकडं पाहिलं.

सरुबाई चष्म्यातून एकेक आरसा निरखत होत्या. तोंड एवढंएवढंसं झालेलं.

"एवडंच?" त्या म्हणाल्या. "बाकीचे दिवे कुटं गेले रं?"

महेबूबसाबांनी मान खाली घातली, जणू त्यांच्याच पहाऱ्यातून चोरीला गेले.

सरुबाईंनी उसासा टाकला, काचा पुसाव्यात म्हणून चष्मा काढला आणि पदर हातात तसाच राहिला.

"आले," त्या म्हणाल्या. "कोंड्या! आले की रं! मोटाले मोटाले, जर्मनच्या ताटाएवडे! समदे हितंच व्हते. ह्यो चष्माच मदी आला व्हता!"

वाकलेली, बोळक्या तोंडाची ती म्हातारी हात पसरून त्या उजेडात उभी होती आणि भिंतीभिंतीतून शंभर सरुबाई हात पसरून तिच्याकडं बघत होत्या. कोंडीरामांना एकदम भरून आलं. डोळ्यांत पाणी तरारलं आणि त्या पाण्यातून पाहिलं मात्र, एकेक दिवा फुटून त्याचे सात झाले. सात सात. खाली, वर, हातावर, सदऱ्यावर. त्यांनी डोळे पुसले नाहीत. पुसायची हिंमतच झाली नाही.

तेवढ्यात बाहेर दूरवर डुगडुग ऐकू आलं. महेबूबसाबांनी खिडकीतून वाकून पाहिलं. कारखान्यावर ऊस टाकून आलेल्या दोन रिकाम्या ट्रॉल्या सडकेवरून कोठीकडं वळत होत्या. रिकाम्या म्हणजे उसानं रिकाम्या. माणसांनी काठोकाठ भरलेल्या. मावळतीची खिडकी आतून पाहायची राहिली होती ना सगळ्यांची! आणि पुढच्या ट्रॉलीत दोन्ही हात हलवत उभे होते हणमंतप्पा.

"रजेचा अर्ज," कोंडीराम कपाळावर हात मारत म्हणाले, "तीन प्रतीत असतुय."

महेबूबसाबांनी पास वर करून दाखवला. "सेक्रेटरीसाब, इसपे दोच लिखेले हैं!"

सरुबाईंनी चष्मा परत घातला नाही. चाचपत चाचपत त्या दाराकडं सरकल्या आणि उंबऱ्याशी, चपला काढायच्या जागेपाशी, भिंतीला टेकून बसल्या.

"येऊं दे त्येन्ला," त्या म्हणाल्या. "दिवे लई हायत."